गावातली तुटलेली वाट जोडताना

मैदानात ओपन जिमची कुठली यंत्रे बसवावीत, एवढेच विचारायला पंचायतीने मला बोलावले होते. मी फोंड्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि तालुक्यातल्याच एका गावात राहते, तेव्हा सरपंचांना माझे नाव सुचणे साहजिक होते. निधी मंजूर झाला होता, मैदानाभोवती चालण्याचा ट्रॅक करायचा होता आणि त्याच्या आखणीसाठी पणजीहून एक नगररचनाकार येणार होती. यंत्रांची यादी मी दिली. पण त्यानंतर आम्ही दोघींनी आणि गावाने मिळून जे काम केले ते मैदानाच्या कुंपणाबाहेरचे होते. गोव्यातल्या दुसऱ्या एखाद्या गावाला असे काही करायचे असेल तर उपयोगी पडेल म्हणून ते लिहून ठेवते आहे.

आमच्याकडे हा विषय किती निकडीचा आहे ते दोन आकड्यांवरून कळेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात देशातले मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले आणि गोव्यातले २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे तरी दम थोडा वाढेल इतपत हालचाल करावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांसाठी रोजचा एक तास. २०२२ साली भारतातली जवळजवळ निम्मी प्रौढ माणसे या १५० मिनिटांपर्यंत पोचत नव्हती, आणि बायकांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त होते.

माझ्याकडे गुडघे, कंबर, खांदे घेऊन येणाऱ्या बायकांना मी चालायला सांगते तेव्हा त्या नाही म्हणत नाहीत. त्या म्हणतात, ‘चलतल्यो गे बाये, पूण खंयच्यान?’ कुठून चालायचे, हा त्यांचा प्रश्न खराच आहे. रस्त्याला कडा नाही, वळणावर टिप्पर अंगावर येतो, पावसाळ्यात गटार आणि रस्ता एकच होतात. घराच्या खळ्यात फेऱ्या मारून कोणी वर्षभर चालत नाही.

नगररचनाकार आली ती हातात मैदानाचा नकाशा घेऊन. वयाने माझ्याहून बरीच लहान. पहिल्याच भेटीत तिने विचारले, ‘ताई, लोक व्यायाम कुठे करतात ते आपण नंतर बघू. घरातून निघून ती कुठे कुठे जातात, ते आधी सांगा ना.’ मी सांगत गेले, ती लिहीत गेली. शाळा, बसथांबा, देऊळ, रेशनचे दुकान, पंचायतघर, उपकेंद्र, दुधाचे केंद्र, भजनाची जागा, कुळागरातले, म्हणजे पोफळीच्या बागेतले काम. पाव आणायला मात्र कोणालाच जावे लागत नाही, कारण पोदेर सायकलवरून दारात येतो. मग तिने प्रत्येक ठिकाणी कोण पायी जाते आणि कोण स्कूटरने, हे विचारले, आणि तिथे मला थांबावे लागले. अर्ध्या किलोमीटरवरच्या देवळातही निम्मे गाव स्कूटरने जाते, हे मला ठाऊक होते. का जाते, याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता.

माझ्याकडच्या केसपेपरांत याचे उत्तर थोडे होते. कोणी चालणे कधी सोडले, हे मी नेहमी विचारून लिहून ठेवते. नावे-गावे वगळून मी ती कारणे तिला वाचून दाखवली. ‘वळणावर धक्का लागता लागता राहिला.’ ‘साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) मोडला.’ ‘मध्ये टेकायला जागा नाही.’ ‘कुत्रे मागे लागतात.’ ‘दिवा गेला.’ ‘शेवाळावर पाय घसरून मनगट मोडले.’ ‘भाटात (बागेत) कुंपण आले.’ तिने हे एकेक कारण गावाच्या नकाशावर लाल ठिपक्याने टाकले. दुखण्याच्या वहीतली वाक्ये नकाशावर उतरताना मी प्रथमच पाहत होते. ठिपके गावभर पसरलेले नव्हते. तीन-चार जागी ते एकावर एक दाटले होते, आणि त्यातली एकही जागा मैदानाजवळ नव्हती.

यानंतर तिने सर्व्हेचे जुने नकाशे काढून आणले. गोव्यात ज्याच्याकडे जमीन आहे त्याला एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे प्लॅन माहीत असतो, पण त्या प्लॅनवरच्या तुटक रेघांकडे कोण बघतो? त्या पायवाटा होत्या. खालच्या वाड्यातून कुळागराच्या पाटाकडेने निघून, व्हाळावरच्या साकवावरून थेट शाळेमागे येणारी एक. वरच्या वाड्यातून चिऱ्याच्या पायऱ्यांनी देवळाच्या तळीपाशी उतरणारी दुसरी. तळीकडून बसथांब्यावर जाणारी तिसरी. खालच्या वाड्यातले मूल त्या पहिल्या वाटेने आठ-दहा मिनिटांत शाळेत पोचले असते. रस्त्याने तेच अंतर अडीच पट होते आणि अर्धे अंतर टिप्परच्या सोबतीने. म्हणून आईबाप मुलाला स्कूटरवर पुढ्यात उभे करून नेतात, आणि शाळेच्या दारात सकाळी त्याच स्कूटरींची गर्दी होते, ज्या गर्दीला घाबरून उरलेली मुलेही चालत नाहीत.

माझे म्हणणे त्या दिवशी पक्के झाले. आमच्या गावात चालण्याची सोय नव्याने आणायची नव्हती. ती होती, दोन-तीन जागी तुटली होती, आणि पैसा आधी त्या तुटलेल्या जागी लागायला हवा होता. मैदानातल्या ट्रॅकवर ज्यांना वेळ आहे ते येतील. दोन वेळचा स्वयंपाक, सासूचे औषध आणि मुलाची शाळा सांभाळणारी बाई व्यायामासाठी वेगळा तास काढणार नाही. तिच्या रोजच्या फेऱ्याच पायी झाल्या तर दीडशे मिनिटे आठवडा संपायच्या आत भरतात.

पण हे कागदावर सांगून कोणाला पटत नाही, म्हणून आम्ही वाटा चालायचे ठरवले. पंच होते, शाळेच्या बाई होत्या, पाचवी-सहावीची मुले होती, वॉकर घेऊन चालणारे एक आजोबा आणि गुडघ्याच्या त्रासाच्या तीन काकी. हा भाग मी सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त आम्ही इथेच शिकलो.

नगररचनाकाराच्या हातात टेप होती आणि माझ्या हातात घड्याळ. ती मीटर मोजायची, मी दम. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचना तिला पाठ होत्या. वस्तीतल्या पदपथाची अडथळ्याविना किमान रुंदी १.८ मीटर, म्हणजे चाकांच्या दोन खुर्च्या एकमेकींना पार करू शकतील इतकी. कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर. ही १५० ची मर्यादा ऐकल्यावर मी काकींना वरच्या वाड्याच्या जुन्या पायऱ्यांवर उभे केले. चिऱ्याच्या त्या पायऱ्या कुठे वीतभर, तर कुठे दीड वीत उंच. चढताना काकी हात मांडीवर दाबत होत्या. उतरताना मात्र तिघीही आडव्या, एकेक पाऊल टाकत उतरल्या. गुडघा झिजलेल्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते, हे नगररचनाकाराला नवीन होते. तिने तिथेच लिहून घेतले: पायरी बुटकी, कठडा दोन्ही बाजूंना, कारण दुखरा गुडघा उजवा असेल तर आधार नेहमी एकाच हाताला लागतो, आणि चढताना त्या हाताशी असलेला कठडा उतरताना दुसऱ्या हाताला येतो.

आजोबांचे वॉकर साधारण दोनशे मीटरवर थांबायचे. ते थांबले की आम्ही सगळे थांबायचो आणि ती नकाशावर खूण करायची. ‘इथे बाक,’ ती म्हणायची. बाकाची उंची किती, पाठ हवी की नको, हात टेकून उठता येईल का, हे मी सांगायचे. बिनहातांचे सिमेंटचे बाक आमच्याकडे जागोजागी आहेत. त्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवायला दुसरे माणूस लागते.

मुलांनी दाखवलेल्या जागा आमच्यातल्या एकाही मोठ्या माणसाच्या डोक्यात नव्हत्या. त्यांना कुंपणातले भगदाड माहीत होते, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला चावतो ते माहीत होते. सहावीतल्या एका मुलीने सांगितले की बसथांब्याकडची वाट सोपी आहे, पण एका गॅरेजसमोर नेहमी पोरे बसलेली असतात म्हणून मुली तिकडून जात नाहीत. नकाशावर ती वाट सगळ्यात उत्तम दिसत होती. तिच्यासाठी तिथे वाट नव्हतीच.

सावलीचीही मोजणी झाली. दुपारी शाळा सुटते त्या वेळी कुठल्या बाजूला सावली असते, ते आम्ही पाहून घेतले. जांभा तापला की पायाखालून भाजतो. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याफणसाखालची वाट आणि उघडी वाट यांत चालणाऱ्याच्या जिवाला फार फरक पडतो. रस्तारुंदीच्या कामात तोडण्यासाठी खुणा केलेली काही झाडे नेमकी या वाटेवर होती. ती वाचवावीत म्हणून पंचायतीने ठराव घ्यावा, असे आम्ही मांडले. दोन वाचली.

मग ग्रामसभा. रविवारची, नेहमीसारखी तापलेली. नगररचनाकार बोलायला उभी राहिली तशी पहिली शंका आली, ‘मॅडम, हे जमिनी काढून घ्यायचे काही नाही ना?’ ही भीती समजून घ्यायला हवी. बाहेरून येऊन आपल्या गावाचा रंग बदलणारा नकाशा गोव्याच्या माणसाने पाहिलेला आहे. कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या चळवळीमुळे २००७ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला. त्यानंतर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया ज्या कृतिदलात होते त्याने प्रादेशिक आराखडा २०२१ ची आखणी केली, तेव्हा गावांचे नकाशे सूचनांसाठी पंचायतींकडे आले होते. आमच्या गावातल्या बुजुर्गांना ते आठवत होते. पण त्या नकाशांवर वस्ती, शेत, बागायत यांचे रंग असतात; शाळेला जायची वाट नसते. म्हणून तिने रंगांचा नकाशा उघडलाच नाही. लाल ठिपक्यांचा नकाशा तिने भिंतीवर लावला आणि म्हणाली, ‘यात काय चुकले आहे ते सांगा.’ लोक उठून भिंतीपाशी गेले. अर्धा तास नुसते ठिपके वाढत होते.

विरोधही झाला, आणि तो खोटा नव्हता. दुकानदार म्हणाले, दुकानासमोर गाडी लावू दिली नाही तर गिऱ्हाईक फोंड्याला जाईल. कोणी म्हणाले, घराघरात स्कूटर आहे, चालणार कोण? मी तेव्हा वाचलेला एक अभ्यास मांडला. २०१६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये दहा देशांतल्या चौदा शहरांचा अभ्यास आला होता. घनदाट वस्ती, थोड्या थोड्या अंतरावर एकमेकांना मिळणारे रस्ते, सार्वजनिक वाहतूक आणि बागा जिथे चांगल्या आहेत, तिथली माणसे आठवड्याला ६८ ते ८९ मिनिटे जास्त हालचाल करतात, असे त्यात दिसले. दीडशेतली जवळजवळ निम्मी मिनिटे नुसत्या वस्तीच्या रचनेने मिळतात, हे मला फार मोलाचे वाटते. त्या चौदांत भारतातले शहर नव्हते आणि आमचे तर गाव, हेही मी तिथेच सांगितले. पण पणजीत मळा-फोंताइन्यशमध्ये फिरून आलेल्या प्रत्येकाला आखूड गल्ल्या आणि लागून असलेली घरे पायाला काय करतात ते कळते.

सभा वळली ती मात्र अभ्यासाने नाही. मागे बसलेल्या एक मावशी उठल्या. त्या रोज पहाटे फुले घेऊन मार्दोळच्या बाजूला जातात. म्हणाल्या, ‘आमचे माय त्या वाटेन कळशी घेवन येताली. साकव मोडलो आनी आमी रस्त्यार गेलीं. म्हाका ट्रॅक नाका, साकव जाय.’ ट्रॅक नको, साकव हवा. ठराव त्यांच्याच वाक्यावरून लिहिला गेला.

कुळागरातल्या वाटेचे मालक जाणते गृहस्थ. वाट देण्याला त्यांची ना नव्हती. उद्या ती कायमची सरकारी होईल, लोक पोफळी-मिरी तोडतील आणि कचरा टाकतील, ही त्यांची धास्ती होती. नगररचनाकार त्यांच्या व्हरांड्यात बसून सगळे ऐकत राहिली, आणि मग तोडगाही त्यांनीच सुचवला: उजाडल्यापासून तिन्हीसांजेपर्यंत उघडे फाटक, दुचाकी आत शिरणार नाही असा वळणाचा खांब, पाटाच्या कडेने कुंपण आणि पंचायतीशी लेखी समजूत. वाट त्यांच्याच मालकीची राहिली. माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत नाजूक टप्पा होता, आणि तो पार पडला कारण कोणी त्यांच्यापुढे कायद्याचे पुस्तक धरले नाही.

दुकानांसमोरचा प्रश्न आम्ही आधी चाचणी घेऊन सोडवला. चुन्याच्या रेघा, बांबू आणि शाळेतल्या मुलांनी रंगवलेल्या कुंड्या. एका बाजूची गाड्यांची रांग थोडी पुढच्या मोकळ्या जागेत नेली, शाळेसमोर रस्ता अरुंद केला. वाहनाचा सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही जिथे माणसे आणि गाड्या एकत्र येतात तिथे तासाला ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली आहे. आमच्याकडे फलक लावून वेग कमी होत नाही. रस्ता अरुंद दिसला की चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. चतुर्थीच्या आधीची गर्दी होती, गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान घ्यायला लोक येत होते, आणि त्या गर्दीतही दुकानांचा धंदा थांबला नाही हे दुकानदारांनी स्वतः पाहिले. एकाने तर आपल्या दारातली कुंडी तिथेच ठेवायला सांगितली.

पक्क्या कामात मात्र धक्के बसले. एका खात्याने तळीकडच्या वाटेवर आमच्या आराखड्यात नसलेल्या गुळगुळीत फरश्या बसवल्या. जूनमध्ये पहिल्या पंधरवड्यातच त्यांवर शेवाळ आले आणि दोन माणसे पडली. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इथे पायाखालचा दगड खरखरीतच हवा. बदलून घ्यायला पुढचा पावसाळा यावा लागला. तक्रार करताना नगररचनाकाराचा नकाशा आणि मी दिलेला मनगटाच्या अस्थिभंगाचा अहवाल एकाच अर्जाला जोडला होता, आणि असे जोडणे फार उपयोगी पडते: मोजमाप एकटे असले की फाईलमध्ये पडून राहते, दुखणे एकटे असले की ते नशिबावर जाते.

आज साकव उभा आहे, लोखंडी कठड्याचा, वॉकर सहज जाईल इतका रुंद. शाळेमागून मुलांचा घोळका येतो आणि मोठी मुले लहानांना आणतात. पाळी शाळेच्या बाईंनी लावून दिली आहे. बाक बसले, दिवे लागले. मैदानात ओपन जिमही आहे, ठरल्यापेक्षा कमी यंत्रांची, आणि संध्याकाळी तिथे तरुण मुले येतात याचा मला आनंदच आहे. गॅरेजसमोरचा प्रश्न बाक किंवा दिव्याने सुटणारा नव्हता. तिथे भजनी मंडळाच्या बायकांनी सरावाची जागा त्या बाजूच्या सभागृहात हलवली, संध्याकाळी ये-जा वाढली आणि मुली आता त्या वाटेने बसला जातात.

माझ्या तीन काकींपैकी दोघी देवळात पायी जातात. तिसऱ्या वरच्या वाड्यातल्या. त्यांच्या पायऱ्यांचे काम अजून व्हायचे आहे. चढ फार तीव्र असल्याने सलग उतार करता येत नाही. एका मीटरच्या चढाला बारा मीटर लांबी लागते आणि तेवढी जागा तिथे नाही. मधे सपाट टप्पे ठेवून बुटक्या पायऱ्या आणि एका टोकाला वळसा घेणारी वाट, असा आराखडा आता तयार आहे. पाऊस ओसरला की नगररचनाकार आणि मी पुन्हा टेप आणि घड्याळ घेऊन जाणार आहोत, काकी बरोबर असतील, आणि येत्या ग्रामसभेच्या आत अंदाजपत्रक पंचायतीत द्यायचे आहे.